दोन बटणांची सूट

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या अनंतरावांच्या घरी 'गो' हा पटावरची जागा घेरण्याचा जपानी खेळ बटणांनी खेळला जाई. अनंतराव रेल्वेतले. तरुणपणी बस्तरात किरंदुलला असताना एका जपानी इंजिनियरने त्यांना तो शिकवला. परत आल्यावर त्यांनी पाटावर रेघा आखल्या आणि गोल बाजारातून काळी-पांढरी बटणं आणली. मुलगी मंजिरी पहिल्यांदा समोर बसली तेव्हा तिला नऊ बटणांची सूट होती, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधीच तिची नऊ काळी बटणं पटावर. ती जिंकत गेली तशी सूट कमी होत गेली. शेवटी दोन उरली, ती काही केल्या सुटेनात.

"दिवाळीले बिनसुटीचा डाव," बाबा म्हणाले होते. "मंग समजन, पोट्टी किती पाण्यात आहे ते."

श्रावणातच ते गेले.

रायपूर राजधानी झालं तशी मोठमोठी माणसं आणि मोठमोठे फलक शहरात येऊ लागले. त्या हिवाळ्यात शंकर नगरच्या एका सभागृहात गोची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच आली. मंजिरीने नाव दिलं.

"वर्षश्राद्ध तर होऊ दे," आई, सुशीलाबाई, म्हणाल्या.

"बाबांनी मले ढकलत नेलं असतं, आई."

"ते तर नेलंच असतं. शेवया खाऊन जा."

हरला तो बाहेर, अशी स्पर्धा. पहिल्याच फेरीत समोर बँकॉकच्या एक प्राध्यापिका. मंजिरीकडे काळे दगड आले. खऱ्या दगडांचा गारवा बोटांना नवा होता. तिने एक दगड पलीकडच्या उजव्या कोपऱ्याशी ठेवला, एक आपल्या डाव्या कोपऱ्याशी, आणि हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसली.

प्राध्यापिका पटाकडे बघतच राहिल्या. पंच लगबगीने आला, रायपूरचाच होता.

"दीदी, ये क्या? दो-दो चाल एक साथ? इंटरनेशनल है, मोहल्ले का लूडो नहीं!"

तेव्हा कुठे मंजिरीच्या लक्षात आलं. इतकी वर्षं याच दोन जागी बटणं ठेवून ती बाबांच्या खेळीची वाट बघत आली होती. डोक्याला ठाऊक होतं की आज सूट नाही. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

नियमावर बोट ठेवून प्राध्यापिकांना डावच मागता आला असता. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "दोन दगडांची सवय दिसते. घरी कोणीतरी जबरदस्त खेळतंय. एक उचला, चला."

मंजिरीने आपल्या बाजूचा दगड उचलला. बाबांच्या बाजूचा राहू दिला.

मग ती खेळली. प्राध्यापिकांनी तो रिकामा झालेला कोपरा लगेच मागितला, तिने तो देऊन टाकला. 'कोपऱ्यासाठी भांडणाऱ्याला कोपरा द्यावा, अंगण आपलं ठेवावं,' असं बाबा म्हणत. कोपऱ्याबाहेर तिच्या काळ्या दगडांची भिंत उभी राहिली आणि दुपारपर्यंत पटाचा सगळा मधला भाग तिच्या ताब्यात आला. प्राध्यापिकांनी बराच वेळ पाहिलं आणि मान लववून डाव सोडला.

"ह्याला म्हणतात खेळ, दीदी," पंच या वेळी मराठीत बोलला.

घरी आई गहू निवडत होती.

"जिंकली काय?"

"हव."

"किती घेतली होती सूट?"

"एकही नाही. उद्या दुसरी फेरी आहे."

आईचे हात थांबले. कोपऱ्यात बाबांचा पाट तसाच होता, त्यावर दोन काळी बटणं, पुढच्या डावासाठी मांडून ठेवलेली. श्रावणापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. मंजिरी पाट घेऊन आली, आईसमोर ठेवला आणि स्वतः बाबांच्या जागी बसली. पांढऱ्या बटणांचा डबा तिने आपल्याकडे ओढला.

"उद्याच्यासाठी हात चालू ठेवायचा आहे. बस. ही दोन तुझी."

सुशीलाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"दोनात माझं काय होते, पोट्टी? नऊ दे."