डाग काढणारा हात

पाण्याच्या पेल्यात कुंचला धुतल्याचा आवाज मला जिन्यातच ऐकू आला आणि पाय तिथेच थबकले. ज्या हाताची मी तीस वर्षं मनोमन पूजा केली, तो हात भिंतीपलीकडे कुंचला धूत होता. बाहेर नवीन जालन्यातल्या त्या गोदामांच्या गल्लीवर मे महिन्याचं ऊन पेटलेलं होतं. पेरणी तोंडावर आलेली, बियाण्यांचे ट्रक भरले जात होते, हमालांच्या हाकांनी आणि हॉर्नने कान किटले होते. त्या कोलाहलातून पाण्याचा तो क्षीण ध्वनी तेवढा निराळा कानी येत होता.

सुखदेवकाकांना मी तोवर पाहिलंच नव्हतं. त्यांची चित्रं मात्र माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात वावरत होती. धावड्याला, आमच्या गावी, शेतात पेरणी उरकली की बियाण्यांची रिकामी पाकिटं बांधावर पडायची. त्यांच्यावरचं ते शुभ्र उमललेलं कपाशीचं बोंड, ती दवात न्हालेली मिरची, ते जांभळं तुकतुकीत वांगं मी कापून वहीत चिकटवायची आणि बघून बघून काढायची. पोरगी खुळावली, असं आई म्हणायची. आमच्या रानात तसं बोंड कधी आलं नाही. पण त्याचा राग मला चित्रकाराचा यायचा नाही, रानाचा यायचा. पुढे भोकरदनच्या शाळेत मी चित्रकला शिकवू लागले. पाकिटावर चित्रकाराचं नाव छापत नाहीत, त्यामुळे छापखान्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून काकांचा पत्ता मिळेपर्यंत माझी चाळिशी उलटली होती.

खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर गोदामाचा पत्रा. आभाळ नावालाही दिसत नव्हतं. ऊन त्या पत्र्यावर आपटायचं आणि फिक्कट होऊन आत यायचं. त्या उसन्या प्रकाशात बसून या माणसाने आयुष्यभर जगातली सर्वांत टवटवीत फळं रंगवली होती. देह वाळलेला, मान कायम खाली, मनगट मात्र अजून दगडासारखं स्थिर. बोलता बोलता त्यांचा अंगठा कशावरून ना कशावरून फिरत राही. टेबलाच्या कडेवरून, पेल्याच्या काठावरून, माझ्या फाइलीवरून, कुठे काही खुपतं आहे का ते चाचपत. मला आधी त्याची गंमत वाटली.

मी माझी चित्रं पुढे ठेवली. खोटं कशाला बोलू, शाबासकी घ्यायलाच गेले होते. कोळशाने काढलेलं माझ्या आईचं चित्र त्यांनी खिडकीकडे धरलं आणि तिच्या ओठांभोवतीच्या सुरकुत्यांवर नख टेकवलं.

"ह्या राहू दिल्या तुम्ही?"

"आहेत ना तिला, काका."

"मला न्हाई जमत हे." चित्र त्यांनी हलकेच खाली ठेवलं. "बियाणं कंपनीच्या साहेबाला डाग चालायचा न्हाई. पान किडकं नको, बोंडाला ठिपका नको. आधी मी डाग काढून टाकायचो. मंग मला डाग दिसायचेच बंद झाले. आता मुद्दाम किडकं पान काढाय बसलो, तरी हात बराबर त्याला चांगलं करून टाकतो."

ज्या निर्दोषपणावर मी जीव टाकला होता, त्यात हा माणूस कोंडला गेला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग त्यांनी कपाटातून एक कृष्णधवल फोटो काढला. त्यांची बायको, कौसाकाकू. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. लहानपणी देवी आल्याने त्यांच्या चेहराभर वण होते, म्हणून कॅमेरा दिसला की त्या पदर ओढून घ्यायच्या. लेकीच्या लग्नात आग्रह करकरून काढलेला हा एकुलता एक फोटो; मूळची लहान प्रत आणि निगेटिव्ह केव्हाच हरवली होती. तो मोठा करून आणल्यावर काकांनी दोन दिवस कामाला दांडी मारली आणि बायकोला खूश करायला सर्वांत बारीक कुंचल्याने एकेक वण बुजवून टाकला.

"मोठ्या हौसेनं दाखवाय गेल्तो," काका म्हणाले. "लई वेळ बघत बसली. मंग म्हणली, बाई छान हाय, पण ही कोण हो?"

ते हसले.

"आता डोळे मिटले तरी ही फोटोतलीच म्होरं येऊन राह्यली. ती न्हाई येत."

तिच्या आठवणीने काढून भिंतीला टेकवलेली चित्रं त्यांनी एकेक करून वळवली. प्रत्येकात तीच गुळगुळीत गालांची अनोळखी बाई. "तुमचा हात अजून बिघडला न्हाई. तुम्ही काढा तिला," ते म्हणाले. मी कागद घेतला, वण कुठे कुठे होते ते विचारलं. त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं: इथं. न्हाई, जरा खाली. न्हाई, इथं बी न्हाई. बोट चेहराभर हिंडलं आणि हनुवटीपाशी येऊन तसंच राहिलं.

तेव्हा मला सुचलं. रंग तर फोटोच्या वरून दिला होता. ओल्या कापसाने पुसला तर खालचा खरा चेहरा वर येईल. मी तसं म्हणाले, आणि काकांचा चेहरा उतरला.

"आन् फोटोच गेला तर?"

ठेवावा तर परकी बाई, पुसावा तर कदाचित तीही नाही. काकांनी फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवला. शेवटी फोटो माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पुसा. पण जरासंच. डाव्या गालावर."

मी ओला कापूस टेकवला, हलकेच फिरवला. रंग निघाला आणि रंगासोबत फोटोचा पापुद्राही निघाला. खाली कोरा कागद होता. गालावर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी जागा तेवढी राहिली. "चुकलं माझं, काका," मी म्हणाले.

त्यांनी फोटो उचलून जवळ धरला, मग लांब धरला.

"आता जरा तिच्यावानी दिसून राह्यली," ते म्हणाले.

अजून थोडं पुसू का, असं विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच नकाराची मान हलवली आणि कापूस माझ्या हातातून काढून घेतला.

गेलेल्या माणसाचा चेहरा काळ रोज थोडा थोडा घासत असतो आणि त्या कामात आपण त्याला मायेने हातभार लावतो. पंधरा वर्षांनंतर सुखदेवकाकांजवळ कौसाकाकूंचं खरं असं जे उरलं, ते ज्वारीच्या दाण्याएवढं होतं, आणि त्यातही कौसाकाकू नव्हत्या.