दुधाच्या कार्डावरची जया

माणूस कसा आहे हे तो कॅन कसा खाली ठेवतो त्यावरून कळतं. सुप्याजवळच्या आमच्या गावात मी अकरा वर्षं दूध संकलन केंद्र चालवतोय. कोण भांडून आलंय, कुणाच्या दुधात विहीर उतरलीय, कुणाची सून माहेरी गेलीय, हे मला मशीन फॅट दाखवायच्या आधी कळतं. बोलत मात्र नाही. बोललं की गवळी तुटतो.

म्हणून रतनकाकूंनी एप्रिलात रोजची फॅट लिहायचं जादा कार्ड मागितलं तेव्हाही मी गप्प बसायला हवं होतं.

"कोरं कार्ड दे एक, सुनील."

"तुमचं निम्मं कोरंच आहे की काकू."

"दे म्हनलं ना."

मी ओळखलं. काकू निम्मं दूध पलीकडच्या डेअरीला घालणार. पुढचे तीन महिने मी त्यांच्या कॅनकडे संशयानं बघत होतो, आणि दूध काही कमी होत नव्हतं. उलट वाढलं. त्याचाही मला राग आला.

जया त्यांची थोरली. चोवीस वर्षं गाव तिला काकूंचा आणि त्यांच्या नवऱ्याचा, कानिफनाथकाकांचा, मुलगा समजत होतं. ती स्वतःला तसं कधीच समजली नाही. सांगायला तिला इतकी वर्षं लागली, एवढंच. शेवटची दोन वर्षं तर ती कॅन घेऊन यायची, तोंडाला रुमाल, ओळीच्या शेवटी उभी, आणि पावती न बघताच निघून जायची. पावती न बघणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो, नाहीतर त्याचा जीव कशातच उरलेला नसतो. कानिफनाथकाका श्रीमंत नाहीत.

एप्रिलात पुण्याच्या डॉक्टरांनी तिला हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. जूनमध्ये ती माझ्याशी भांडली.

"सुनीलदादा, फॅट तीन-चार कशी लागली? परत लाव."

मी परत लावली. तीन-सहा आली. ती ओळीकडे वळून म्हणाली, "बघा, तुमचीबी लावून घ्या." अकरा लोकांनी दूध परत लावायला लावलं. डोक्याला ताप झाला, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

काकांना मात्र धास्ती होती. ह्या गोळ्या मेंदूत जातात, पोर हातची जाईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांची अट एकच होती: डोक्यावर परिणाम दिसला की गोळ्या बंद. जयानं ती मान्य केली होती, आणि शब्दाची ती पक्की. डॉक्टरबाईंनी मग तोड काढली. घरातल्या कुणीतरी रोज जयाच्या मनाला दहापैकी आकडा द्यायचा, तिला न दाखवता. तीन महिन्यांनी तो कागद बघून ठरवू.

हे मला कळलं ते एका गुरुवारी संध्याकाळी. काका आणि जया काकूंनी आकड्यांचा कागद घालून चिकटवलेलं पाकीट घेऊन पुण्याला डॉक्टरबाईंकडे गेलेले. काकूंचा कॅन काट्यावर होता, मागं ओळ, आणि माझा फोन वाजला. काकांचा होता. काकूंचा मोबाईल नेहमीसारखा घरी चार्जिंगला. माझे हात दुधाचे, म्हणून स्पीकर लावला.

डॉक्टरबाईंचा आवाज आला. "आई, तुम्ही दहापैकी दोन, तीन, साडेतीन, फार तर चारच्या आसपास दिलेत. जया म्हणते ती मजेत आहे. घरी एवढं वाईट चाललं असेल तर गोळ्या थांबवून बघावं लागेल."

मागून काका म्हणाले, "मी म्हनलंच हुतं."



"वाईट?" काकू म्हणाल्या. "अवो, चार म्हंजी लई झालं की."

"दहापैकी चार?"

"दहा कुनाला लागती, बाई?"

मी स्पीकर बंद करायला गेलो. मागच्या मालनबाईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. गाईला दहा लागली तर ती गाय न्हवं, म्हनावं."

ओळीतून कल्याण ओरडला, "साडेतीन म्हंजी पास!"

तेव्हा माझ्या डोक्यात कोरं कार्ड चमकलं. मी फोन जवळ ओढला. "मॅडम, मी दूध केंद्रातून बोलतोय. तुमच्या हातात आहे ते दुधाचं कार्ड आहे. काकूंनी फॅट लावलीय. गाईची. साडेतीनला दूध पास होतं, चार लागली तर माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो. पहिल्या दिवसाचा आकडा वाचता का?"

"एक पॉइंट नऊ."

"एक-नऊला आम्ही दूध परत पाठवतो, मॅडम. आणि कालचा?"

"चार पॉइंट एक." बाई आता हसत होत्या. "पण मध्ये चार दिवस दोन-सहा आहे. ते का?"

"पाव्हन्याम्होरं ह्यांनी तिला जुन्या नावानं हाक मारली," काकू म्हणाल्या. "चार दिस धड जेवली न्हाई. तो आकडा गोळ्यांचा न्हाई. ह्यांचा हाय."

मग बाई म्हणाल्या, "काका, गोळ्या चालू ठेवूया. गोळ्यांनी फरक पडतोय. पण सगळंच काही गोळी करत नाही, थोडं घरानंही करायचं असतं."

काकांनी घसा साफ केला. "मंग पास म्हनायची का?"

"पास."

"चल, जया," काका म्हणाले. "यष्टी चुकंल."

आणि मग फोनमधून ती हसली. आधी रडतेय असं वाटलं, म्हणून सगळे पुढं झुकले. पण हसतच होती, श्वास पुरेना इतकं, आणि काका "आगं हळू, लोकं बघत्यात" म्हणत होते, तेही हसतच. फोन कट झाला तरी मालनबाई त्याच्याकडे बघत होत्या.

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. "कोरं कार्ड दे."

दिलं. माझ्याच पेनानं त्यांनी तारीख घातली आणि शेजारी लिहिलं: ४.८.

"काकू, गाईला चार-आठ?" मी म्हणालो. "मशीन बिघडलंय."

"तुजं बिघडलं आसंल," काकू म्हणाल्या. "माजं बराबर हाय. दूध घे."