काकांच्या रॉडची बैठक

आमच्या घरात मासळी शिजत न्हाय. शेजारून नुसता वास आला तरी आमची अव्वा, म्हंजे आई, नाकाला पदर लावती. आन् धंदा बघा आमचा, गळाच्या काठीचा, म्हंजे मासे धरायच्या रॉडचा! अव्वा अजून बी रॉड घरात घ्यायच्या आधी त्यावर पाणी शिंपडती. लिंगायताच्या घरात हे काम आलंच कसं म्हणून अख्खं मुरुम गाव आमची चेष्टा करतंय. करू द्या. काम आलं ते येडशीच्या उत्तरेश्वर काकांमुळं.

काका माझ्या वडलांसंगं रेल्वेत फिटर व्हते. काकांच्या बापाला एका गोऱ्या इंजिनेरानं मुलूख सोडताना आपला रॉड दिला व्हता. बांबूच्या सहा चिपा चिकटवून केलेला, हातात घेतला तर काय घेतलंय असं वाटतच न्हाय. रॉडच्या बुडाला दोरीचं रीळ बसवायची जागा असती, तिला आमी बैठक म्हणतो. लाकडाचा गुळगुळीत दांडा, एका टोकाला जर्मन सिल्वरची टोपी, आन् दुसऱ्या टोकाकडून आट्यांवर फिरत येणारं कडं. रिळाचा पाय टोपीत सारायचा, कडं आवळायचं, झालं काम. असल्या रॉडला काका कणकेचा गोळा लावून तळ्यावर बसतेत. तो सायेब वरनं बघत असंल तर कपाळ बडवून घेत असंल!

वडील, हणमंतप्पा, त्या बैठकीकडं बघून बघून काम शिकले. मग पुण्याकडचे हौशी लोक मोडक्या बैठका धाडायला लागले. वडील गेले आन् लेथ माझ्याकडं आला. बाईमाणूस लेथ चालवती म्हणून पयले पयले दारात गर्दी व्हायची, आता कुणी बघत बी न्हाय. माझा धाकटा भाऊ उमाशंकर गिऱ्हाइकं संभाळतो. फोन, कुरिअर, गोड बोलणं, सगळं त्याच्याकडं. लेथला मात्र त्यानं कधी हात लावला न्हाय. शर्टाला तेल लागतंय म्हणं.

वडलांची एक रीत व्हती. आपण नवी बैठक केली, की रिळाखाली झाकून जाईल अशा जागी बारीक तीन रेघा कोरायच्या, कपाळावर विभूती लावतो तशा. "नवं ते नवं म्हणून कळलं पायजे, शिवलीला," म्हणायचे, "जुन्याच्या नावावर आपलं खपवायचं न्हाय." जो लेथवर बसंल त्यालाच ही रीत सांगायची. त्यामुळं उमाशंकरला ती ठाऊकच न्हवती.

उन्हाळ्यात काका रॉड घेऊन आले. मुठीचं बूच सुटलं व्हतं. ते बसवायचं तर आधी बैठक काढावी लागती. म्या काढून बाजूला ठिवली. संध्याकाळी उमाशंकर बाहेरनं आला, ती बघितली आन् म्हणला, "अक्का, पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला हुबेहूब असलीच बैठक पायजे. त्याची फुटलीय. ही समोर हाय तवर बघून करून टाक की. आन् जुनाट दिसू दे, त्याच्या रॉडला शोभली पायजे."

म्या केली. लई मन लावून केली. रसायन लावून काळपट केली, टोपीवरचे पोचे सुदिक उतरवले. दोन्ही शेजारी ठिवल्या तर माझं मलाच कौतिक वाटलं. तीन रेघा कोरल्या आन् जेवायला गेले. परत आले तर उमाशंकरनं एक खोक्यात भरून वरनं टेप मारली व्हती. दुसरी माझ्या हातात दिली. "ही काकांची," म्हणला. म्या सरस लावून काकांच्या रॉडवर बसवून टाकली. घरच्या माणसानं हातात दिलेलं उलटून कोण बघतंय?

काका रॉड न्यायला येणार, त्या दिवशी सकाळी म्या रीळ लावून बघायला घेतलं. कडं सरसर आत गेलं. काकांचं कडं कधी असं जात न्हाय. मधी एका जागी अडतंय, तिथं जरा मागं घेऊन पुन्हा फिरवावं लागतंय. माझे वडील त्याला म्हातारं खोड म्हणायचे. रीळ काढून खाली बघितलं. तीन रेघा.

"उम्या!" म्या अशी वरडले की अव्वा सैपाकघरातनं पळत आली.

त्यानं आढेवेढे घेतले न्हाईत. उलट मोबाईल बघत म्हणला, "त्यात काय? म्हाताऱ्याला कणकेचा गोळा लावायला कंची बी बैठक चालती. पुण्याच्या माणसाला अस्सल पायजे व्हती. तुझी तर नवी हाय, जास्त टिकंल. काकांचा फायदाच झाला की!"

"परत आण ती."

"आता कुठली? त्यानं पुढं परदेशात धाडली बी."

म्या म्हणले, काकांना सगळं सांगणार. तवा कुठं त्यानं मान वर केली. "सांग. पण बैठक कुणी केली? जुनाट कुणी केली? रॉडवर सरस लावून कुणी बसवली? माझा तर हात बी लागला न्हाय, अक्का." आन् अव्वा, आमची अव्वा, मला म्हणती कशी, "जाऊ दे गं. झाकली मूठ. भाऊ हाय तुझा." अय्यय्यो! मासळीच्या वासानं नाकाला पदर लावणारी बाई ही!

काका दुपारी आले. उमाशंकर पुढं पळाला, पाया पडला, खुर्ची पुसून दिली. काकांनी रॉड मांडीवर घेतला. कडं फिरवलं आन् त्यांचा चेहरा खुलला. "अगं, अडत न्हाय की! जल्मभर अडलं बघ हे. माझ्या बापाला जमलं न्हाय, हणमंतप्पाला जमलं न्हाय. तुला जमलं पोरी!" त्यांनी कडं पुन्हा फिरवलं, आन् पुन्हा. उमाशंकरनं माझ्याकडं बघून भुवई उडवली. गप बसले असते तर काका आनंदात येडशीला गेले असते, तळ्यावर सगळ्यांना दाखवत बसले असते.

मला न्हाय जमलं. म्हणले, "काका, ही तुमची बैठक न्हवं. ही म्या केलीय. तुमची ह्यानं पुण्याला इकली. आता ती मिळायची न्हाय." मग सगळं सांगितलं. कोण काय म्हणलं, कुणी काय हातात दिलं, सगळं.

काकांचं बोट कड्यावरच राहिलं. मला वाटलं, आता उठतील आन् उमाशंकरच्या थोबाडीत देतील. त्यांनी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी त्याच्याकडं बघितलं बी न्हाय. अव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो घेतला न्हाय. रॉडवर कापडाची पिशवी चढवली, नाडी बांधली. दारापतुर गेले आन् माझ्याकडं वळले.

"उमाशंकर कसला हाय ते मला ठाऊक व्हतं," काका म्हणले. "म्हणून तर तो बाहेर गेल्याचं बघून म्या रॉड आणला व्हता. म्या तो तुझ्या हातात दिला व्हता, शिवलीला."

ष्ट्यांडाकडं जाताना त्यांनी रॉड छातीशी धरला व्हता. म्या दारात उभी राहून बघत व्हते.

"गेलं एकदाचं म्हातारं," मागनं उमाशंकर म्हणला. "मला चकार शब्द बोललं न्हाय बघ. अक्का, च्या टाक."