बी. व्ही. कोण?

चेन्नईच्या एका विद्यापीठात छत्तीस वर्षं काढलेल्या उपकुलसचिव वेंकोबांचा आज शेवटचा दिवस होता. चार वाजता निरोप समारंभ. मानपत्रात 'एकही चूक नाही' असं छापूनही आलं होतं. आणि नेमकी आज सकाळी त्यांनी सहाना नावाच्या विद्यार्थिनीची अडलेली फाइल पहिल्यांदा नीट वाचली.

वडिलांचं आद्याक्षर सगळ्यांनी नावाआधीच लावायचं, हा हुकूम आठ वर्षांपूर्वी त्यांचाच. 'एम. सहाना' आणि 'सहाना एम.' या दोन वेगळ्या मुली त्या हुकमानं कागदावर एक झाल्या आणि दुसरीचा नापास विषय या सहानाच्या गळ्यात पडला. पोरीनं तीनदा अर्ज केला. तिन्हींवर वेंकोबांनी न वाचताच 'नोंद बरोबर आहे' लिहून खाली 'बी. व्ही.' एवढीच आपली आद्याक्षरं ठोकली होती. साहेबी सवय, दुसरं काय!

उद्या तिला शोळिंगनल्लूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. आज पदवी मिळाली नाही, तर नोकरी गेलीच. आणि चूक कोणाची हे लिहिल्याशिवाय नोंद दुरुस्त होत नव्हती.

"आज नोको, अण्णा," त्यांच्या जागी येणारा सुधींद्र दार लोटून घरच्या मराठीत हळूच म्हणाला. "निवृत्तीच्या दिवशीच निलंबन हातात ठेवतात. किती जणांचं पाहिलं आपण! उद्या मी करतो."

"उद्या तिला काय उपयोग?"

"आणि तुमचं पेन्शन?"

वेंकोबा घाबरले. खोटं कशाला सांगू, चांगलेच घाबरले. एक वाजला, दोन वाजले. बाहेर बाकावर सहाना पाण्याची रिकामी बाटली धरून बसली होती. अडीच वाजता त्यांनी लिहिलं, 'चूक माझी.' खाली आज पहिल्यांदाच पूर्ण नाव घातलं आणि फाइल स्वतः वर कुलसचिवांकडे नेऊन दिली.

पावणेचारला सहानाची पदवी आणि वेंकोबांच्या नावाचं एक बंद पाकीट एकदमच खाली आलं. पदवी त्यांनी सहानाला दिली. पाकीट न उघडताच खिशात ठेवलं. सभागृहातून कोणीतरी हार परत घेऊन चाललं होतं.

सहाना रडतच त्यांच्या पाया पडली. मग डोळे पुसून तमिळमध्ये म्हणाली, "सार, तो बी. व्ही. कोण आहे? तीनदा त्यानं मला परत पाठवलं. त्याला सोडू नका."

वेंकोबांचा हात खिशावर गेला.

"नाही सोडलं, अम्मा," ते म्हणाले.