पान तीनशे सहा

मित्रांनो, लंडनमध्ये १८९७ साली छापलेली मी एक साहसकादंबरी. लाल कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर सोनेरी उंट. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात तेव्हा सोनं सापडत होतं आणि इंग्रज मुलांना तिकडच्या गोष्टींचं वेड होतं. माझा नायक हॅरी सोनं शोधायला निघतो. वाट दाखवायला सिंधमधला एक उंटवाला असतो. लेखकाने त्याला नाव दिलेलं नाही.

त्या काळी पुस्तकाच्या कागदांच्या घड्या वाचणाऱ्यालाच कापाव्या लागत. माझी एक घडी राहून गेली. ३०६ आणि ३०७ ही पानं आतच बंद राहिली. मी बक्षीस म्हणून एका मुलाच्या हाती पडले, पुढे बोटीने अमेरिकेत आले, न्यू जर्सीतल्या एका खासगी संग्रहात पोचले. लोकांनी माझ्या चित्रांची तारीफ केली. ती घडी मात्र कुणी उघडली नाही.

डिसेंबर २००६. सकाळी दहाला दार उघडताच अबोली आत आली. नागपूरची ही मुलगी जवळच्या पिस्कॅटवे गावात राहून माझ्यासारख्या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहीत होती. तिने मला फक्त एकदा हाताळलं होतं. झेरॉक्स काढून नेली आणि तीन वर्षं त्यावरच काम केलं. दोन पानं नाहीत हे तिला दिसलं होतं. त्या जागी जाहिरात असेल, असं तिने धरलं. प्रबंध आज दुपारी बारापर्यंत द्यायचा होता. नाहीतर पदवी पाच महिने लांबणार होती, आणि समारंभासाठी आईचं तिकीट काढून झालं होतं.

"लताकाकू, ३०५वर उंटवाला पाण्याची शेवटची पखाल घेऊन पळतो," ती संग्रह सांभाळणाऱ्या, टेबलामागच्या बाईंना म्हणाली. "मग ३०८वर हॅरी त्याच पखालीतून पाणी कसं पितो? काल रात्री लक्षात आलं."

"तीन वर्षांनी?" लताकाकूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी पण तेच म्हटलं," गाडी चालवून आणणारा तिचा मित्र सत्यजित म्हणाला. "यार, बाहेर स्नो सुरू झालाय. लवकर."

लताकाकूंनी मला कपाटातून काढलं, पानं चाळली, ती बंद घडी शोधली आणि बोथट सुरी घेतली. "हात लावू नकोस. कागद वाळलाय. फाटला तर अक्षरं जातील."

सुरी घडीत शिरली. माझा कागद करकरला. बोटभर अंतर गेलं आणि कडेचा तुकडा निसटला. काकू थांबल्या, सुरी आडवी केली, पुन्हा सरकवली. घडी सुटली.

अबोली उभ्यानेच वाचू लागली. उंटवाला पळाला नव्हता. वीस मैलांवरच्या झऱ्यावर पखाल भरून तो परत आला होता. त्याने हॅरीला पाणी पाजलं. शुद्धीवर येताच हॅरीला वाटलं, हा माझ्या सोन्यासाठी आला. त्याने उंटवाल्यावर गोळी झाडली, आणि पखाल घेऊन पुढे गेला.

"एक सेंटेन्स ॲड कर," सत्यजित हळूच म्हणाला. "पावणेअकरा झालेत. कोण चेक करणारे?"

"तो पळाला यावर माझा अख्खा चॅप्टर उभा आहे रे."

"मग तसाच दे. शंभर वर्षं कुणाला कळलं नाही."

"मला कळलं ना आता."

तिने घड्याळ पाहिलं, मग फोन काढला. नागपूरला रात्र झाली होती. आईने लगेच उचलला.

"आई, तिकीट कॅन्सल कर. मेमध्ये ये."

"का गं? काय झालं?"

"एका माणसाला मी पळपुटा म्हटलं होतं. तो पळाला नव्हता."

"बरं," आई म्हणाली. "नीट लिही."

अबोली खाली बसली आणि ३०६ वं पान हाताने उतरवून घेऊ लागली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना ओली बोटं लावू नका, त्यांच्या पाठी मोडू नका. आणि एखादं पान चिकटलेलं दिसलं, तर ते सोडून पुढे जाऊ नका. सावकाश उघडा. तुमच्यासाठी कुणी वीस मैल चालून पाणी आणलेलं असेल.