चाकाखालचं लिंबू

आधीच सांगून ठेवते मित्रांनो, माझं कुणी खरं मानत नाही. अहेरीपासून सव्वीस किलोमीटर आत, मोहाच्या झाडाखाली उभी असलेली मी एक जुनी लाल गाडी आहे, आणि माझ्या इंजिनात पिस्टन नाही. एकसुद्धा नाही. हसलात ना? चंद्रपूरचे चार मिस्त्री असेच हसले होते, आणि मग हातात पाना घेऊन दोन-दोन दिवस माझ्या पोटात पिस्टन शोधत बसले होते.

रोज सकाळी शाळेची एसटी येईपर्यंत तुम्ही माझ्या फाटक्या सीटवर बसता. दप्तरं डिक्कीत फेकता, स्टिअरिंग फिरवता, तोंडानं हॉर्न वाजवता. भाडं कुणी दिलेलं नाही. तेव्हा निदान माझी गोष्ट तरी ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. इतर गाड्यांच्या इंजिनात पिस्टन खाली-वर उड्या मारतात, उखळातल्या मुसळासारखे. माझ्या पोटात मात्र दोन मोठे तीनकोनी लोखंडी शिंगाडे आहेत. ते गोल फिरतात. एकेका शिंगाड्याला दोन-दोन प्लग. एक आधी ठिणगी टाकतो, दुसरा पापणी लवायच्या आत मागून टाकतो. म्हणून मी धावते तेव्हा धडधडत नाही, गुणगुणते.

मला इकडं आणलं चंद्रपूरच्या एका शेठनं. त्याचे कोळशाचे ट्रक होते. सुरुवातीला त्यानं मला खूप मिरवलं. एकदा मूलच्या रस्त्यावर एक वाघ माझ्याशी शर्यत लावायला आला. दोन किलोमीटर धावला, दमला, आणि शेवटी पंजा हलवून त्यानं मला साइड दिली. ऐकताय ना? हे तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेतलंत, म्हणजे पुढचंही ऐकाल.

पुढं शेठचा उत्साह ओसरला. मला रोज पोर्चमधून काढायचं, नळापाशी नेऊन बंद करायचं, धुवायचं, पाहुण्यांना दाखवायचं. बस, एवढंच. आणि एका सकाळी मी सुरूच झाले नाही. पहिला मिस्त्री म्हणाला, पेट्रोल येत नाही. दुसरा म्हणाला, करंट येत नाही. तिसऱ्यानं प्लगच्या वायरी काढल्या आणि उलटसुलट लावल्या. चौथ्यानं माझी टाकीच उतरवली. चौघांनी मला खूप तपासलं, पण मला काय झालं होतं हे कुणी कुणाला विचारलं नाही. दोन वर्षं मी भिंतीशी उभी राहिले. मग भंगारात निघाले.

भंगारातून मला उचललं घनश्यामनं. तो तुमच्याच गावचा, ढिवराच्या घरचा. बाप तळ्यात जाळं टाकायचा, हा चंद्रपूरच्या गॅरेजात हात काळे करून परत आला होता. त्यानं मला ट्रकवर घालून इथं आणलं, या झाडाखाली उतरवलं आणि दिवसभर पान्याला हात लावला नाही. आधी त्यानं शेठच्या जुन्या ड्रायव्हरला फोन लावला.

"हे बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी हिले कायले चालू केलती गा?"

"धुवायले, भाऊ."

"किती वेळ चालली?"

"कायची चालते? नळापर्यंत. मिनिटभर."

घनश्याम हसला. माझे प्लग खाली कुशीत आहेत, चाक काढल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. टाकी जागेवर बसवून त्यानं नवं पेट्रोल घातलं, दोनदा स्टार्टर मारून पाहिला, मग चाक काढलं आणि चारही प्लग बाहेर घेतले. चारही ओलेचिंब. त्यांतून पेट्रोल ठिबकत होतं.

शेजारचा इसरू तिथं उकिडवा बसून बघत होता. त्यानं ठेकेदाराचा ट्रॅक्टर बरीच वर्षं चालवलेला, म्हणून गाडीतलं आपल्याला कळतं असं त्याला वाटायचं. घनश्यामनं त्याला प्लग दाखवला.

"पाह्य. इंजन थंडं असते तवा हे जास्त पेट्रोल पिते. गरम व्हायच्या आधीच बंद केली का ते पोटातच राह्यते, अन् प्लग भिजते. ओल्या काडीनं चूल पेटते काय?"

"मंग पेट्रोलचा दोष का करंटचा?" इसरूनं विचारलं.

"दोघायचाबी नाई. दोष हात लावणाऱ्याचा."

मग त्यानं पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून घेतला, म्हणजे नवं पेट्रोल येणार नाही. स्टार्टर मारून पोटातलं सगळं बाहेर ओकायला लावलं. पेट्रोलानं आतलं तेल धुऊन नेलं होतं, शिंगाड्यांची टोकं भिंतीला नीट टेकत नव्हती. म्हणून प्लगच्या प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडलं. वायरी जागच्या जागी लावल्या, प्लग पुसून वाळवून बसवले. आणि मी पेटले. एवढा पांढरा धूर निघाला की गावात कुणाचं तरी घर जळतंय असं वाटून बाया हंडे घेऊन धावत आल्या.

त्या दिवशी घनश्यामनं सगळ्यांसमोर एकच नियम सांगितला. "पूजा करा, हार घाला, काहीबी करा. पन चाबीले हात लावू नोका. चालू केली तर गरम झाल्याबिगर हिले बंद नाई कराचं."

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली. शेठची मिरवायची गाडी आता गावाचा दवाखाना झाली. तापानं फणफणलेली पोरं नेली, अकरा बाळंतिणी नेल्या. त्यातली एक अर्ध्या वाटेत मोकळी झाली, तेव्हापासून माझं मागचं सीट डागाळलेलं आहे. माझं पोट जमिनीला घासायचं, म्हणून नाल्याच्या उतारावर इसरूनं स्वतः दगड रचून दिले. एकदा पेट्रोल संपलं तर मोहाच्या दारूवर चाळीस किलोमीटर गेले. फक्त वळणावर जरा झोकांड्या गेल्या.

माझ्यावर सगळ्यांत जास्त जीव कुणाचा असेल, तर तो बुधरीचा. ती इसरूची बायको. पहिल्याच वर्षी ती मलेरियानं बेशुद्ध पडली होती, आणि मीच तिला अहेरीला पोचवलं होतं. बरी होऊन आल्यापासून ती येता-जाता पदरानं माझी काच पुसायची आणि म्हणायची, "हे गाडी नाई, माय आहे माही."

आता मित्रांनो, दसरा ऐका.

सकाळी गावातल्या सगळ्या गाड्या धुऊन झाल्या. मोटारसायकलींना हार घातले, एकेकीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, चाक फिरवून चिरडलं आणि पोरं त्यांवर बसून अहेरीचा दसरा बघायला निघून गेली. घनश्याम पहाटेच जाळं घेऊन तळ्यावर गेला होता. माझ्या बॉनेटवर त्यानं जाण्याआधी झेंडूचा हार घातला होता. बुधरी आली, हळदकुंकू लावलं, आणि माझ्या चाकाकडं बघत उभी राहिली.

"साऱ्यायले लिंबू दिलं," ती नवऱ्याला म्हणाली. "हिलेच काऊन नाई? हिनं मले वाचवलं अन् हिचीच दृष्ट नाई काढाची?"

"घनश्यामभाऊ नाई म्हणते ना."

"एक चक्कर चाक फिरलं तं का होते? तुमाले चालवता येत नाई काय?"

हा शेवटचा टोमणा इसरूला लागला. चावी घनश्यामच्या ओसरीत खुंटीला टांगलेलीच असायची. त्यानं मला सुरू केलं, दोन हात पुढं घेतलं, लिंबू फुटलं, आणि त्यानं चावी फिरवून बंद केलं. बुधरीनं टाळी वाजवली. फुटलेलं लिंबू शेळीनं सालासकट खाल्लं. मला पोटात गार-गार वाटत होतं, पण सांगणार कुणाला?

दुपारी बुधरी आपट्याची पानं आणायला बांधावर गेली. तिथं नाग होता.

चौघांनी तिला खाटेवरून आणून माझ्या मागच्या सीटवर निजवलं. पायावर दातांचे दोन ठिपके, घोटा सुजलेला. रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती, यायला दोन तास. मोटारसायकली सगळ्या अहेरीत. घनश्यामला तळ्यावरून हाका मारून आणेपर्यंत इसरू स्टार्टर मारतच होता. प्रत्येक मारण्याबरोबर ओल्या प्लगवर आणखी पेट्रोल पडत होतं.

घनश्याम ओल्या अंगानं धावत आला. आल्या-आल्या त्यानं तेच केलं जे तो नेहमी करायचा. त्यानं विचारलं.

"इसरू, आज हिले कोणं चालू केलती काय?"

माझ्याभोवती अर्धं गाव उभं होतं. इसरूनं मागच्या सीटकडं पाहिलं. बुधरीची जीभ जड झाली होती, तिला बोलता येत नव्हतं.

"नाई भाऊ. कोणं हात नाई लावला."

"जागा हलल्यावानी दिसते."

"ढकलली होती. सावलीत."

इसरू काही लबाड माणूस नव्हे मित्रांनो. ज्याची बायको मागं निजलेली आहे, त्यानं चारचौघांत कसं म्हणावं की ही माझ्या हातची चूक आहे? त्याला वाटलं असेल, घनश्याम हुशार आहे, त्याला सापडेलच. पण मिस्त्री असो की डॉक्टर, त्याची अर्धी विद्या समोरच्याच्या उत्तरावर चालते. कुणी सुरूच केली नव्हती, तर इसरूच्या पहिल्या स्टार्टरला प्लग कोरडेच असणार; मग तेव्हाच ही पेटली का नाही? दोष दुसरीकडंच असणार. म्हणून घनश्यामनं प्लगचा विचार सोडला. चाक काढण्यात वेळ घालवायला तो तयार नव्हता.

त्या आठवड्यात पेट्रोल कॅनमधून आलं होतं. पाणी मिसळलं असेल, म्हणून त्यानं नळी काढून काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं आणि उन्हात धरलं. खाली पाणी बसतं का ते बघत थांबला. पेट्रोल स्वच्छ होतं. मग फ्यूज पाहिले. मग उंदरांनी वायरी कुरतडल्या का, ते हातानं चाचपत गेला. एक वायर खरंच सोललेली निघाली. ती बांधली. स्टार्टर मारला. नाही. पुन्हा मारला. स्टार्टरचा आवाज बसत चालला, बॅटरी संपत आली होती.

"भाऊ, तिच्या पापण्या पडून राह्यल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

पाऊण तास गेला होता. शेवटी घनश्यामनं जॅक लावला, चाक काढलं, पहिला प्लग बाहेर काढला. प्लगच्या टोकावरून पेट्रोल त्याच्या मनगटावर ओघळलं. इसरू चाकाशेजारी मातीतच बसला.

"लिंबू, भाऊ," तो म्हणाला. "सकाळी. एक चक्कर."

घनश्याम ओरडला नाही. "आधी काऊन नाई सांगतलं गा?" एवढंच म्हणाला, आणि त्याचे हात चालायला लागले. फ्यूज काढला. प्लग सदऱ्यानं पुसले. चमच्यानं तेल सोडलं. चावी फिरवली तेव्हा स्टार्टर तीनदा कण्हला आणि थांबला.

आणि आता खरी गोष्ट ऐका मित्रांनो. बॅटरीत जीव नव्हता, पण माझ्यात होता! मी बुधरीकडं पाहिलं, एक मोठा श्वास ओढला, आणि माझे शिंगाडे आपणहून फिरले. चारही प्लग एकदम पेटले. घनश्याम चाक बसवतोय तोवर मी तीन चाकांवर निघालेसुद्धा. सव्वीस किलोमीटर अकरा मिनिटांत. नाला मी दगडांवरून गेलेच नाही, वरून उडाले, आणि झाडांवरच्या माकडांनी टाळ्या वाजवल्या. अहेरीच्या दवाखान्यात डॉक्टर सुई हातात घेऊन दारातच उभे होते. सुई टोचली मात्र, बुधरीनं डोळे उघडले आणि चहा मागितला. दुसऱ्या वर्षी इसरू तिला घेऊन सासुरवाडीला राहायला गेला. तिथं ती सुखात आहे. तर मित्रांनो, गाडीची निगा राखा, मिस्त्रीपासून काही लपवू नका, म्हणजे शेवट असा गोड...

"खोटं."

शेळ्या घेऊन रानाकडं निघालेला इसरू माझ्या दाराशी थांबला होता. तुम्ही सगळे त्याच्याकडं वळलात. स्टिअरिंगवरचे हात थांबले.

"खोटं बोलून राह्यली तू," तो मला म्हणाला. "माह्यासाठी बोलते, मले समजते. नोको बोलू."

त्यानं काठी दाराला टेकवली आणि वाकून आत, मागच्या सीटवर बसलेल्या तुमच्याकडं पाहिलं.

"पोट्टेहो, गाडी चालूच नाई झाली. ते जागा आहे ना, तुमी बसले तिथी, तिथीच गेली बुधरी. माहा हात धरून. घनश्यामभाऊनं मले एकच गोष्ट इचारली होती. एकच. अन् म्या नाई म्हटलं."