दुसऱ्या अल्बममागची गादी

"हिला कधी उभी करून ठेवू नका, कापूस पायाशी उतरेल," मला शिवून झाल्यावर गादीवाले काका म्हणाले होते. ताई हसली. "काका, गादी कोण उभी करतं?" मलाही पटलं. मित्रांनो, मी एक जुनी कापसाची गादी आहे. आडवं पडणं हाच माझा धंदा. उभं राहायची वेळ आपल्यावर कशाला येतेय, असं मला वाटायचं.

ताई एका हार्डकोअर पंक बँडमध्ये गाते. या संगीतात गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं, आणि गायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं. गिटार तिचा भाऊ वाजवतो. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे धडाम म्हणतात. त्याला साधं दारही हळू लावता येत नाही. पहिल्या अल्बमच्या वेळी ताई थकूनभागून माझ्यावरच येऊन झोपायची. मग लग्न झालं, फोमची नवी गादी आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे सोबतीला एक मोडका पंखा होता, तोही तोंड फिरवून बसलेला.

पुढे बाळ झालं आणि दुसरा अल्बम राहूनच गेला. "आता तू काय ओरडतेस, आता बाळ ओरडेल," असं लोक म्हणायचे. ताई ते हसण्यावारी न्यायची, पण बाळाची लंगोटं वाळत घालतानाही गाण्याचे शब्द पुटपुटत असायची. शेवटी घराच्या मागच्या खोलीतच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. भिंतीपलीकडे बाळाचा पाळणा. सासूबाई म्हणाल्या, "बाळाला मी बघते. पण ते दचकून उठायला लागलं, तर तुमचा अल्बम गुंडाळायचा."

म्हणून मला खाली काढलं आणि त्या भिंतीला लावून उभं केलं. सुरुवातीला मी आवाज असा गिळला की विचारू नका. "हिचा फोटो कव्हरवर टाकू," धडाम म्हणाला. इतकं कौतुक मला उभ्या, म्हणजे आडव्या, आयुष्यात मिळालं नव्हतं.

पण हळूहळू माझं डोकं हलकं होऊ लागलं. पलीकडे बाळ दचकू लागलं, आणि ते रडलं की गाणं अर्ध्यावर तुटायचं.

"जरा हळू वाजव ना," भाऊ म्हणायचा.

"हळू? मग अंगाईच बसवू या," धडाम म्हणायचा.

शेवटचं एकच गाणं राहिलं होतं. सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "आज परत उठलं, तर हे सगळं सामान उचलायचं हं."

बाळ झोपलं का ते ऐकायला ताईने सवयीने माझ्यावर कान टेकला, आणि तशीच थांबली. "अरे, इथून मला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतोय." तिने मला वरच्या बाजूला चाचपलं, तर नुसतं कापड. खाली चाचपलं, तर पोट सुटलेलं. "धडाम, तुझी चूक नाही रे. काका सांगत होते ते हेच."

मग मला आडवं केलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू. शिवण उसवली, धडामने ड्रमच्याच काठ्यांनी माझा कापूस झोडपून मोकळा केला, भावाने तो सारखा पसरला. सासूबाई दाभण घेऊन आल्या. "सरका. तुम्हाला साधं बटण लावता येत नाही." त्यांनी मला आरपार टाके घातले आणि उरलेला कापूस मुठीत घेऊन त्या बाळाजवळ गेल्या.

मला परत भिंतीला लावून उभं केलं आणि गाणं एका दमात झालं. धडाम नाचायलाच लागला. ताईने मात्र माईक खाली ठेवला. "पलीकडून काहीच आवाज नाही."

"मग चांगलंच की," भाऊ म्हणाला.

"अरे, काहीच म्हणजे काहीच नाही." ती धावत सुटली.

परतली ती बाळाला कडेवर घेऊन, हसत हसत. बाळ कधीचं जागं होतं, पायाचा अंगठा चोखत मजेत पडलेलं. शेजारी सासूबाई घोरत होत्या, दोन्ही कानांत माझ्याच कापसाचे बोळे.

मित्रांनो, जुन्या गादीला अधूनमधून ऊन दाखवा, उलटीपालटी करा, एवढंच सांगणार होते. पण आत्ता ते तिघं तयार अल्बम ऐकत बसलेत, तोही मोठ्या आवाजात. बाळ पुन्हा पलीकडे झोपवलंय, आणि सासूबाईंना त्या बोळ्यांची आता सवयच लागली आहे. मधे मी उभी आहे, आणि माझ्यातून हल्ली काही म्हणता काही ऐकू येत नाही. बराच वेळ झालाय. जरा बाळाकडे बघून येता का?